वळण

मुलांना वळण लावा, असं मिसेस प्रोबर्ट म्हणाल्या नाहीत.
त्या इंग्रजीत बोलल्या, बराच वेळ, हातात फाइल धरून.
मला ऐकू आलं ते एवढंच.

तिसरीचा वर्ग. अठ्ठावीस मुलं. खिडकीतून
ओहोटीचा चिखल दिसतो, पार पलीकडच्या काठापर्यंत,
आणि त्यात शिंपल्या वेचणारं एखादं माणूस.
गावाचं नाव मराठीत कसं लिहायचं, माझं अजून ठरलेलं नाही.
आईला फोनवर सांगितलं, लानेली.
ती म्हणाली, लोणावळ्यासारखं आहे का गं?

टेबलावर बरणी. कुणी नीट वागलं की एक वाल टाकायचा,
भरली की शुक्रवारी खेळ.
ऑक्टोबरात ती गळ्यापर्यंत आली होती,
तेव्हा त्याने ती जुन्या हीटरच्या जाळीतून रिकामी केली.
हसला नाही. एकेक वाल बघून टाकला.

तो म्हणजे लिर.
हजेरीला ओ देत नाही.
लिर. गप्प.
लिर. चिखलाकडे बघतो.
मग दिवसभर जीभ टाळूवर आपटतो, टॉक, टॉक,
ओशानच्या वहीचे कोपरे कुरतडतो,
मी आवाज चढवते.
चढलेला आवाज उतरताना
कुणाचं तरी काहीतरी सांडतोच.

नोव्हेंबरची दुपार, तीनलाच दिवे लावलेले.
माबली, बूट उलटसुलट घातलेली, जवळ येऊन म्हणाली,
मिस, ते त्याचं नाव नाहीये.
चहाडी नव्हती ती. शेजारणीने दारातून
दूध उतू जातंय म्हणावं, तसं.

नऊ आठवडे
मी दुसऱ्याच कुणाला हाक मारत होते
आणि याने ओ दिली नाही म्हणून लाल शेरे.

त्याच्या बाकाशी उकिडवी बसले. म्हटलं, शिकव.
तो म्हणाला, जीभ ल ची ठेव.
आता बोलू नकोस. फुंक. बाजूंनी.
फुंकलं. थुंकी उडाली, त्याच्याच बाहीवर.
वर्ग खदखदला. वाटलं, गेला हातातून.
तो बाही पुसत म्हणाला, परत.

क पासून ज्ञ पर्यंत चाळली,
या आवाजाला अक्षर नाही आपल्याकडे.
मांजर फिस्कारावं, पण माया असलेलं.
अठ्ठावीस तोंडं मला शिकवत होती,
कास्यानसुद्धा, जो पोलंडहून गेल्याच वर्षी आला.

मग म्हटलं, माझं तरी कुठे नीट घेता?
फळ्यावर लिहिलं, हळबे.
हॅल्बी, हलबे, हर्बी.
जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडा.
कळतं पण वळत नाही म्हणतात ना,
यांना कळतही नव्हतं, तरी वळवत होते,
गालांत बोटं घालून. हावा तर रडकुंडीला आली.

मागून आवाज आला, हळ.
पुन्हा, हळ.
बे राहूनच गेलं त्याचं.
टॉक टॉक करून करून तयार झालेली जीभ.
त्या टॉकबद्दल मी किती वेळा त्याला दाराबाहेर उभं केलं,
नोंदवहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने कास्यानचा डबा खिडकीतून भिरकावला.
तीही नोंद केली. हाक मारली,
निम्मं नाव आलं, निम्मी हवा.
आला. चिखलातून डबा आणला दोघांनी,
का कोण जाणे, दोघांनी.

आईला आता गावाचं नाव नीट सांगते
तर ती म्हणते, लाइनवर खरखर येतेय.

थंडी वाढली. हीटर लागला की
वर्गात भाजक्या वालांचा वास सुटतो.
मिसेस प्रोबर्ट दारात थांबून नाक वर करतात,
विचारतात, कसला वास हा?
अठ्ठावीस मुलं वहीत डोकं घालतात.
मीसुद्धा.